जातीच्या रकान्यात काय सांगणार? (आणि कुठल्या गावात?)

वेशीवरची

गेल्या आठवड्यात दोन फॉरवर्ड आले. पहिला माहेरच्या समाजमंडळाचा: "जनगणनेत जात विचारतील तेव्हा नुसतं 'भंडारी' सांगा. हेटकरी, कित्ते असलं काही पुढेमागे लावू नका, नाहीतर आपला आकडा फुटेल." दुसरा सासरच्या ग्रामस्थ मंडळाचा: "मुंबईकरांनी गावातच नाव लावावं, नाहीतर गाव कागदावरून पुसलं जाईल." दोन्हींखाली हात जोडलेल्यांची ही रांग.

माझं माहेर देवगडकडचं, भंडारी. नवरा राजापूरकडचा कऱ्हाडे ब्राह्मण. राहतो डोंबिवलीत. मुलगी नऊ वर्षांची. शाळेत नाव घालताना तिच्यापुढे बापाची जात लागली, मला कोणी विचारलंही नाही. आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून माणसं मोजणार आणि १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्यांच्या जातीचा आकडा बाहेर येणार म्हणतात. नवरा म्हणतो, "आम्हाला जात सांगायची नाही, असं सांगून मोकळं होऊ." मी म्हटलं, तुला ते सोपं आहे. यावर दोन दिवस घरात फक्त "जेवायला वाढलंय" एवढाच संवाद.

तुम्ही काय सांगणार? मिश्र लग्नातल्या मुलांचं काय? आणि मुळात हे विचारावं का?

फणसाचा_गरा

पहिला! बाकी नंतर लिहितो. पॉपकॉर्न नाहीत, कुळथाच्या पिठल्यावर भागवतो.

तिठ्यावरचा

माझं स्पष्ट मत: विचारू नये. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनेच निर्णय घेतला की वाड्यावस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची. आमच्याकडे ग्रामपंचायतीने नव्या पाट्याही रंगवल्या. आता सरकारच दारात येऊन विचारणार, बोला, जात कुठली? पाटी पुसायची तर नीट पुसा. माझ्या मुलाला कॉलेजात जाईपर्यंत स्वतःची जात माहीत नव्हती आणि त्याचं काही अडलं नाही.

निळी_छत्री

@तिठ्यावरचा, मुलाचं अडलं नाही म्हणूनच त्याला माहीत नव्हती. ज्याचं अडतं त्याला पहिलीतच कळते.

आमच्याही वाडीची पाटी बदलली. पाटीवर आता फुलाचं नाव आहे. पण नळयोजनेची लाईन अजून आमच्या अलीकडच्या वळणावर थांबते आणि तिथून पुढे हंडे. स्मशानाचा रस्ता वेगळा तो वेगळाच. नुसत्या पाटीवरून मोजायला गेलात तर आमची वाडी आणि वरची वाडी सारखीच दिसेल.

आता माझी अडचण सांगते. आम्ही मंडणगड तालुक्यातले, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात. आजोबांनी १९५६ नंतर जुन्या जातीचं नाव तोंडातून काढलं नाही. आम्हा नातवंडांना ते नाव घरात नाही, शाळेच्या कागदावर कळलं. २०११ ला मोजणीवाली ताई आली. धर्म? बौद्ध. अनुसूचित जातीच्या आहात का? हो. जातीचं नाव? आजी म्हणाली, "बौद्ध. सांगितलं की." ताईने यादी काढली. यादीत जे नाव असेल तेच सांगायला हवं, 'बौद्ध' ही यादीतली जात नाही. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीत धरतात, पण जुनं नाव सांगितलं तर. आजी गप्प बसली. मग आई आतून आली आणि ताईच्या कानात सांगितलं. कानात! स्वतःच्या ओटीवर.

तरीही मी म्हणते, विचारा. त्रास आम्हालाच होणार, पण आमचा आकडाच नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर?

आंबोळी

निळी_छत्री, 'कानात' वाचून थांबले.

निवृत्त_गुरुजी

मी १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन मोजण्या केल्या. तेव्हा चार गोष्टी अनुभवाच्या.

आम्हाला प्रशिक्षणात एकच गोष्ट घोकून घेतली होती: समोरचा सांगेल ते लिहायचं. आडनावावरून ताडायचं नाही, वाद घालायचा नाही, "असं कसं, तुमचे चुलते तर अमुक सांगतात" हे तर अजिबात नाही. आणि कोकणात सगळ्यात कठीण तेच, कारण चुलते शेजारच्याच घरात असतात आणि उत्तर ऐकायला मांगरातून बाहेर आलेले असतात.

@वेशीवरची, मुलीचं उत्तर तुम्ही दोघं द्याल ते. जनगणनेत सांगितलेली जात म्हणजे जातीचा दाखला नव्हे. त्या कागदाची नक्कल काढून कोणी कोर्टात पुरावा म्हणून दाखवू शकत नाही, १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ बघा. उत्तर नाकारलं तर हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण कोणाला झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. २०११ ला धर्म न सांगणारे देशभरात २८ लाखांवर होते.

एक दुरुस्ती. १९४१ लाही जात विचारली होती, पण युद्धामुळे तक्ते निघालेच नाहीत. म्हणून सगळे १९३१ धरून चालतात. मंडल आयोगाचा ओबीसी ५२ टक्के हा आकडासुद्धा तिथूनच ताणत आणलेला.

आता गंमत. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये लिहिलंय की बाईने नवऱ्याचं नाव सांगायलाच हवं अशी सक्ती नाही, रूढीने जे नाव घ्यायचं नसेल ते नाही घेतलं तरी चालतं. ९१ ला एका वाडीत एक म्हातारी काही केल्या नाव घेईना. मी विचारतोय, ती पदराआड हसतेय. शेवटी म्हणाली, "गुरुजी, ता आकाशात असता, रात्रीचा दिसता, पुनवेक मोठा होता." मी लिहिलं चंद्रकांत. ती म्हणाली, "कांत नुको, नुसतो चंद्रो."

फणसाचा_गरा

गुरुजी __/\__ उखाण्यावर चालणारं जगातलं एकमेव सरकारी खातं.

घाऱ्या

मी चित्पावन, आयडीवरून कळलंच असेल. आमच्यासाठी डोळ्यांच्या रंगाचा रकाना ठेवावा, निम्मे आपोआप गळतील.

कातळसडा

@घाऱ्या, हसू नका, असं करून झालंय. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले. त्याचा सिद्धांत असा की नाकाची रुंदी आणि लांबी यांचं गुणोत्तर काढलं की जातीची उतरंड कळते: नाक जितकं बारीक, तितकी जात वर. म्हणजे त्याच्या लेखी जात हा वंशच. बरोबर मापपट्टी आणि कंपास. शिवाय जाती सामाजिक मानाप्रमाणे क्रमाने लावायचं ठरवलं, तेव्हा देशभरातून अर्जांचा पाऊस पडला की आम्हाला वर घ्या. आजचे समाजमंडळांचे फॉरवर्ड त्याच अर्जांचे नातू आहेत.

हडसनकाठी

मूळची गुहागरची, वीस वर्षं न्यू जर्सीत. वंशाचा विषय निघालाच आहे तर इकडचं सांगते.

इथे १७९० च्या पहिल्या जनगणनेपासून वंश मोजतात. तेव्हा रकाने म्हणजे गोरे, इतर स्वतंत्र माणसं आणि गुलाम. दर दहा वर्षांनी रकाने बदलत गेले. १९३० आणि १९४० ला आपल्याकडच्या लोकांसाठी वंश होता 'हिंदू'. म्हणजे कॅलिफोर्नियातला पगडीवाला शीख शेतकरीही वंशाने हिंदू! आता 'एशियन इंडियन' असा चौकोन आहे. २००० पासून एकाहून जास्त चौकोनांवर खूण करता येते. माझ्या मैत्रिणीचा नवरा काळा अमेरिकन, त्यांच्या मुलाने २०२० ला दोन्हींवर खूण केली. @वेशीवरची, तुमच्या लेकीला आपल्याकडे दोन चौकोन मिळाले तर भांडण मिटेल का?

इथेही लोक कुरकुरतात. गोरे म्हणतात, कशाला विचारता, आम्ही रंग बघत नाही. हे वाक्य मी तिठ्यावरचा यांच्या पोस्टमध्ये वाचलं आणि जरा दचकले.

तिठ्यावरचा

@हडसनकाठी, म्हणजे मी आता गोरा झालो. उन्हात माड झोडपून काढतो मी, आमच्या हिला फोटो दाखवून खात्री करून घेतो.

गंमत सोडा. फ्रान्समध्ये जनगणनेत वंश विचारत नाहीत, तेही चाललंय ना?

हडसनकाठी

विचारत नाहीत म्हणून तिथे भेदभाव नाही, असं नाही. मोजायला आकडा नाही, एवढंच.

खाडीपलीकडचा

मुरूडकर. जंजिऱ्याचे सिद्दी कोणाला आठवले नाहीत याचं नवल वाटलं. आमच्या शाळेत माझ्या बाकावर एक सिद्दी मुलगा होता. पूर्वज आफ्रिकेतून आलेले, घरात बोली माझ्यासारखीच, आणि भाकरी-सुकटीवर माझ्यापेक्षा जास्त जीव. ट्रेनमध्ये लोक त्याला इंग्रजीत विचारायचे, कुठल्या देशाचा? तो म्हणायचा, "रोह्यास उतरतो, मुरूडास जातो." कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमध्ये आणि गुजरातच्या काही जिल्ह्यांत सिद्दी अनुसूचित जमातीत आहेत, महाराष्ट्रात नाहीत. तोच माणूस, तोच चेहरा, मधे फक्त राज्याची हद्द. अमेरिकेत गेला तर त्याने कुठल्या चौकोनात खूण करायची, हे हडसनकाठी यांनी सांगावं.

हडसनकाठी

दोन्ही, आणि खाली लिहायला जागा असते तिथे 'मुरूड'.

बाणकोटी

आम्हा कोकणी मुसलमानांचंही बघा. १९३१ ला आमच्यातल्या जाती नोंदलेल्या आहेत. मशिदीत सांगणार जात नाही, आणि सोयरीक जमवताना पहिला प्रश्न "दालदी (म्हणजे मच्छी मारणारे) तर नव्हेत?" आमचे मामू म्हणतात, विचारलंच तर 'मुसलमान' सांगा आणि विषय संपवा. मला वाटतं खरं सांगावं. मच्छी मारणाऱ्याचं पोर आणि तीन पिढ्या आखाती पैशावर बंगला बांधलेल्याचं पोर एकाच रकान्यात घातलं तर पहिल्याचं नुकसान.

आंबोळी

अवांतर: जातीइतकाच घोळ मातृभाषेच्या रकान्यात आहे. तुम्ही 'मालवणी' सांगितलंत तर २०११ च्या तक्त्यात ती कोकणी भाषेखाली धरलेली आहे. म्हणजे वेंगुर्ल्यात बसून तुम्ही गोव्याच्या भाषेचा आकडा वाढवता.

रापणीवरचो

वाढांदेत. माका इचारल्यानी तर मी मालवणीच सांगतलंय. मराठी माका शाळेत मारून शिकवली.

खाडीपलीकडचा

आमच्या बाजूला रेवदंड्याजवळ कोर्लईचे ख्रिस्ती घरात पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. 'नौ लिंग' म्हणतात तिला, म्हणजे आमची भाषा. मोजणीवाल्याच्या यादीत ती शोधायची म्हणजे खाडीत पडलेली सुई.

संपादक_मंडळ

भाषेवर वेगळा धागा काढावा. इथे मूळ विषयावर राहा.

चाकरमानी_दादर

मूळ विषयावर येतो, पण दुसऱ्या फॉरवर्डवर, कारण मला जातीपेक्षा तो जास्त झोंबला.

२००१ ला रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९६ हजार. २०११ ला १६ लाख १५ हजार. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजार. अख्खा महाराष्ट्र त्याच दहा वर्षांत १६ टक्क्यांनी वाढला आणि आपण घटलो. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. बाहेरचे लोक याला मुलींचं कौतुक समजतात. कौतुक कसलं, पुरुष आम्ही इकडे दादर-लालबागला मोजले जातोय.

२००८ च्या मतदारसंघांच्या फेररचनेत राजापूर लोकसभा मतदारसंघ गेला. विधानसभेचे मालवण, वेंगुर्ला, देवगड गेले. आता या मोजणीनंतर पुन्हा फेररचना होणार. तुम्ही भंडारी किती, कुणबी किती, मराठे किती करत बसा. वाटा कोणाला किती ते नंतर, आधी ताटच केवढं उरतंय बघा.

कुणबी_पोरगा

@चाकरमानी_दादर, हे वाक्य लहानपणापासून ऐकतोय. आधी देश, आधी राज्य, आधी कोकण, मग तुम्ही. ताट मोठं होतं तेव्हा तरी आमच्या पानात काय पडलं? माझा आजा खोताचा कूळ. अर्धं भात मळणीतच जायचं. जिल्हा परिषदेच्या निवडणुका ओबीसींचा आकडा नाही म्हणून २०२१ पासून काही वर्षं कोर्टात रखडल्या होत्या. आकडा नाही याची किंमत आम्ही भरलीय. मला मोजा. जिथे असेन तिथे मोजा, पण कुणबी म्हणून मोजा.

चाकरमानी_दादर

मान्य. मी मोजू नका म्हटलं नाही. दोन्ही रकाने महत्त्वाचे म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

फणसाचा_गरा

या धाग्यावर कोणीतरी 'मान्य' लिहिलं. वाचनखूण साठवली आहे.

हापूस_पेटी

आमच्या गावची खरी मोजणी ऐका. फेब्रुवारीत गावात कोण असतं? पंचवीस-तीस म्हातारी माणसं, काही शाळकरी पोरं आणि आंब्याचे राखणे. राखणे सगळे नेपाळी. कलमात झोपडी, बरोबर बायको, दोन पोरं, एक कुत्रा, रात्री वानरांवर बॅटरी मारतात. मोजणीत नागरिकत्व बघत नाहीत, राहतो कुठे ते बघतात. म्हणजे राखणा आमच्या गावात मोजला जाणार आणि बागेचा मालक कांदिवलीत. २०२७ च्या आकड्यात गावाची लाज राखली तर ती नेपाळनेच.

रापणीवरचो

बंदरावर पण तसांच. खलाशी भायले, तांडेल तेवढो आमचो.

आंबोळी

आणि घरयादीच्या प्रश्नांत "घरात मुख्यतः कुठलं धान्य खाता" असंही आहे म्हणे. राखणे आणि आम्ही, दोघांचं उत्तर भात. राष्ट्रीय एकात्मता.

पळसदरी

मी रायगडात कातकरी वाड्यांवर काम करते. वर सगळे 'काय सांगणार' बोलतायत. माझा प्रश्न असा आहे की विचारायला कोणी येणार का.

कातकरी म्हणजे महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. दिवाळी झाली की मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो आणि अख्खी वाडी वीटभट्टीवर जाते. परत येते ती पावसाच्या तोंडावर. फेब्रुवारीत वाडीत गेलात तर कुडाच्या दारांना दोरी बांधलेली, एखादी म्हातारी आणि कोंबड्या. शेजारचा सांगतो, ते गेलेत. भट्टीवर गेलात तर शेठ म्हणतो, ही माणसं इथली नाहीत. दोघंही खरं बोलतात. मागे एका भट्टीवर कच्च्या विटा रचून ताडपत्री टाकलेल्या अकरा खोपट्या मी स्वतः मोजल्या, आत सगळी मिळून त्रेपन्न माणसं. गावच्या कुठल्याच कागदावर ती नव्हती. त्यातल्या एका बाईला जात विचारली तर म्हणाली, "उचल फिटली की सांगते." चेष्टा होती का, मला अजून कळलेलं नाही.

निवृत्त_गुरुजी

@पळसदरी, मोजणीत भट्ट्याही येतात. नियमाने जायलाच हवं. पण तो गट ज्याच्या वाट्याला येतो तो संध्याकाळी दमलेला मास्तर असतो आणि शेठ चहा पाजून वाटेला लावतो. ९१ ला मीही एका भट्टीवर आत गेलो नव्हतो. शेठने सांगितलेला आकडा लिहिला. तेव्हा काही वाटलं नाही.

पळसदरी

गुरुजी, सांगितलंत हे बरं केलंत. तुमच्या ओळखीच्या नव्या मास्तरांनाही सांगा.

कातळसडा

धागा वाचून समाजमंडळाच्या फॉरवर्डबद्दल मत बदललं. २०११ ला जनगणनेपासून वेगळी सामाजिक-आर्थिक-जात पाहणी झाली होती. त्यात जातींची नावं निघाली ४६ लाखांवर. १९३१ ला होती ४,१४७. लोकांनी आडनाव सांगितलं, गोत्र सांगितलं, कुळ सांगितलं, कोणी गावाचं नाव सांगितलं, आणि टिपणाऱ्याने जसं ऐकलं तसं टिपलं. जातीचे ते आकडे कधी बाहेर आलेच नाहीत. तेव्हा 'नुसतं भंडारी सांगा' म्हणणारा मंडळाचा सेक्रेटरी राजकारण करत असेलही, पण त्याला अडचण बरोबर कळलीय. बिहारने २०२३ च्या पाहणीत आधीच जातींची यादी करून क्रमांक दिले होते, म्हणून त्यांचा आकडा निघाला.

तिठ्यावरचा

दोन दिवस नुसतं वाचत होतो. निळी_छत्री यांच्या आजीचा किस्सा घरी जेवताना वाचून दाखवला. मुलगा (तोच, जात माहीत नसलेला) म्हणाला, "बाबा, आपल्या विहिरीवर त्या वाडीतलं कोणी येत नाही, हे मला पाचवीत कळलं होतं. कारण विचारलं तर तुम्ही म्हणालात, त्यांची वेगळी आहे." मला हे बोलल्याचं आठवत नाही. पण बोललो असेन.

विचारू नये हे माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पण आले तर सांगेन.

निळी_छत्री

विहिरीचं काय करणार तेही सांगा.

तिठ्यावरचा

पंप बिघडलाय. दुरुस्त झाला की बोलू. खरंच बिघडलाय.

वेशीवरची

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांची आभारी आहे.

मी 'भंडारी' सांगणार, नुसतं. हे फॉरवर्डमुळे नाही, कातळसडा यांच्या ४६ लाखांमुळे. नवऱ्याला धागा वाचायला दिला. 'तुला सोपं आहे' असं मी का म्हटलं होतं ते त्याला मी दोन दिवसांत समजावू शकले नाही, निळी_छत्री यांनी एका पोस्टमध्ये समजावलं. तो 'कऱ्हाडे ब्राह्मण' सांगणार आहे. लेकीचं अजून ठरलेलं नाही. दोन चौकोन मिळणार नाहीत असं धरून चाललोय, आणि रविवारी पुन्हा बसू.

पण या सगळ्यात एक नवीनच निघालं. सासरे राजापूरकडे एकटे असतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना फेब्रुवारीत महिनाभर डोंबिवलीला आणायचं ठरवलं होतं. ग्रामस्थ मंडळाचा मेसेज त्यांनीही वाचलाय. काल फोनवर म्हणाले, "मी आलो तर घराला कुलूप. आमच्या आळीत मी एकटाच दिवा लावतो. मग आळीत शून्य लिहितील का?" गुरुजी, काय होईल हो?

निवृत्त_गुरुजी

२०११ चा नियम असा होता: मोजणीच्या पूर्ण काळात माणूस घरी नसेल तर तो तिथे धरायचा नाही, जिथे असेल तिथे धरायचा. मधले काही दिवस जरी घरी असला तरी गावात धरता येतो. तेव्हा ९ ते २८ फेब्रुवारी असा काळ होता. या वेळच्या नेमक्या तारखा बघून घ्या.

पण बाई, ऑपरेशन जानेवारीतच उरका ना. महिनाभर डोळ्यांत थेंब घालायचे असतात, ते काय आळीत बसूनही घालता येतात.